चितेगावचा ध्रुव

त्या वर्षी दिवाळी करून आमची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, वर चढली. वर म्हणजे लडाखमध्ये. खोऱ्याचं नाव सांगत नाही. ते कळून वाचणाऱ्याचा काही फायदा नाही, आणि न सांगायची सवय मला अजून सुटलेली नाही.

मी तोफखान्यात हवालदार होतो, ट्रेड सर्व्हेअर. लोकांना वाटतं तोफखान्यात सगळेच तोफा डागतात. तोफेला आधी कुणीतरी सांगावं लागतं की बाई, तू नेमकी कुठं उभी आहेस आणि उत्तर कुणीकडं आहे. ते सांगणारा तो सर्व्हेअर. आता हे काम यंत्रं करतात. पण यंत्रं थंडीत रुसतात, म्हणून जुनी पद्धतही पक्की करून घेतात. तिपाईवर थिओडोलाइट नावाची दुर्बीण लावायची, ध्रुवाचा तारा पकडायचा, घड्याळ बघून वेळ टिपायची आणि छापील कोष्टकातून दुरुस्ती काढायची. कारण ध्रुवसुद्धा अगदी बरोबर उत्तरेवर बसलेला नाही. किंचित फिरतो. तेवढं फिरणं वजा केलं की खरी उत्तर हातात येते.

माझं आडनाव जोशी. आजोबा पंचांग सांगायचे, वडील औरंगपुऱ्यातल्या एका कचेरीत कारकून. मी जवान म्हणून भरती झालो तेव्हा वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. युनिटमध्ये आडनाव कळल्यावर माझा पंडितजी झाला, आणि हा पंडितजी रोज संध्याकाळी तारे बघतो हे कळल्यावर तर विचारायलाच नको. पंजाबपासून केरळपर्यंतच्या पोरांनी मला लग्न कधी होईल, प्रमोशन कधी मिळेल आणि रजा मंजूर होईल का, हे विचारून झालं आहे. रजेबद्दल मी एकदा होय म्हणालो आणि ती खरोखर मंजूर झाली. त्यानंतर माझी सुटका नव्हती.

सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि हर्सूलला घर बांधलं. शहराच्या उत्तर टोकाला जागा घेतली ती मुद्दाम. शहराचा उजेड पाठीमागं राहतो आणि गच्चीवरून उत्तर मोकळी दिसते. आभाळ निरभ्र असलं की शनिवारी दिवेलागणीनंतर काही माणसं येतात. बँकेतली, शाळेतली, दोन-तीन गृहिणी, एक कंपनीतले इंजिनिअर. कुणालाच काही येत नसतं, आणि ते मला बरं वाटतं. अर्धवट येणारा माणूस शिकवायला फार अवघड.

सुरुवातीला मी त्यांना नुसतं अंधारात बसवतो. वीस मिनिटं मोबाइल बंद. डोळे अंधाराला सरावले नाहीत तर आभाळात काहीच नसतं. मध्येच कुणीतरी वेळ बघायला मोबाइल काढतो आणि सगळ्यांची तपश्चर्या मोडतो. मग मी चिडतो. माझी बायको जिन्यातून म्हणते, "अहो, ही माणसं तुमच्या बॅटरीतली नाहीत." वाचायला उजेड लागला तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावतो, लाल उजेडानं डोळे बिघडत नाहीत. तो कागद औरंगपुऱ्यातून आणतो. दुकानदार दर वेळी विचारतो, "कायकू लगता चचा, इतना लाल कागज?" मी सांगतो, "तारे देखने कू." तो शेजारच्या गिऱ्हाईकाकडं बघून हसतो.

इंजिनिअर साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काका, टेलिस्कोप कुठला घेऊ?" मी म्हणालो, आधी एक वर्ष डोळ्यांनी बघा. त्यांनी तोवर घेतलाही होता. तो अजून खोक्यात आहे.

दुर्बिणीच्या आधी शिकायची ती मूठ. हात पुढं ताठ करायचा, मूठ वळायची, एक डोळा मिटायचा. मुठीच्या रुंदीत आभाळाचे साधारण दहा अंश मावतात. लहान माणसाची मूठ लहान असते, पण हातही आखूड असतो, त्यामुळं हिशोब जुळतो. क्षितिजावर एक मूठ ठेवायची, तिच्यावर दुसरी. उत्तरेला तोंड करून अशा दोन मुठी चढलं की आपल्या गावाचा ध्रुव. आपला अक्षांश वीस, म्हणून ध्रुव वीस अंशांवर. उत्तरेकडं जावं तसा तो वर चढतो. इथं दोन मुठी, लडाखात साडेतीन.

हे शेवटचं वाक्य मी दर शनिवारी सांगतो. का सांगतो, ते लिहितो आहे.

आमचा कॅम्प खोऱ्याच्या उत्तर टोकाला होता. दक्षिणेला सहा किलोमीटरवर एका टेकडीवर आमची ओपी, म्हणजे निरीक्षण चौकी. मधे सपाट मैदान. कॅम्पकडं येताना डाव्या हाताला नदी. ती त्या दिवसांत गोठलेली असायची, पण सगळीकडं सारखी नाही. मैदानाच्या मधोमध काठाला गरम पाण्याचे झरे होते, आणि तिथं बर्फ वरून धड दिसला तरी खालून पातळ असायचा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ताकीद मिळाली होती. वाटेवर खांब रोवलेले होते. खांब धरून चालायचं, नदीकडं जायचं नाही.

दिवस ठरलेले. सकाळी बर्फ वितळवून पाणी, दुपारी मेंटेनन्स, अंधार पडताना स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहणं. बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी, तिच्याभोवती मोजे वाळत घातलेले. बॅटऱ्या शर्टाच्या आत छातीशी ठेवायच्या, नाहीतर थंडीत बसून जायच्या. एका नव्या पहारेकऱ्यानं लागोपाठ तीन संध्याकाळी पश्चिमेच्या डोंगरावर शत्रूचा दिवा दिसतो म्हणून खबर दिली. मी जाऊन बघितलं तर शुक्र. पोरं हसली. कॅप्टन साहेब हसले नाहीत. म्हणाले, "पंडितजी, सबको आसमान सिखाओ. बारी बारी से." मी दोन-चार संध्याकाळी कॅम्पातल्या पोरांना घेऊन उभा राहिलो. ओपीवरच्या पार्टीची पाळी ते खाली उतरल्यावर यायची होती.

ओपीवर नाईक रामकिसन होता. आमच्या शहराजवळच्या चितेगावचा. घरची शेती, दोघे भाऊ पैठण रोडच्या कंपन्यांत पाळीवर. हा मधला. लग्न त्याच मे महिन्यात झालेलं. सगळ्यांदेखत मला पंडितजी म्हणायचा, एकटा असला की दादा. कामाला चोख. एकच खोड होती. कुठलीही गोष्ट स्वतः बघितल्याशिवाय मानायचा नाही. नकाशात पूल दाखवलेला असला तर हा जाऊन पुलावर पाय आपटून यायचा. आम्ही त्याला त्यावरून पुष्कळ छळलं. गावाकडची माणसं परमुलखात भेटली की बोलण्याचा विषय जेवणच असतो. त्याला लाल मिरचीचा ठेचा लागायचा आणि त्याच्या घरून आलेला ठेचा थंडीनं विटेसारखा घट्ट व्हायचा. तो सुरीनं कापून वाटायचा.

डिसेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. दुपारी ओपीवरून रेडिओवर खबर आली की गनर मुरुगनला दम लागतोय, खोकल्यातून फेस येतोय. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्याचं हे लक्षण. औषध एकच, माणसाला लवकरात लवकर खाली आणून ऑक्सिजनवर ठेवणं. ऑक्सिजन कॅम्पात होता. डॉक्टरांनी सांगितलं, रात्र ओपीवर काढली तर पोरगा सकाळ बघणार नाही. हेलिकॉप्टरला वाऱ्यामुळं नकार मिळाला होता. रामकिसननं स्ट्रेचर बांधलं, पाच जण घेतले आणि निघाला. चौघं स्ट्रेचरला, गनर सुखदेव पुढं बर्फ तुडवत वाट करायला, आणि स्वतः मधे नकाशा आणि रेडिओ घेऊन.

अंधार पडायच्या आत ते पोहोचायला हवे होते. पण वाऱ्यानं जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ उचलला. डोक्यावर लख्ख आभाळ, एकूण एक तारा दिसतोय, आणि कमरेपासून खाली सगळं दळलेलं पीठ उडावं तसं. वाटेवरचे खांब गायब झाले. आम्ही कॅम्पातून सिग्नलचे फ्लेअर, उजेडाचे बाण, उडवले. मधे एक बुटकं टेकाड होतं, त्याच्यापलीकडं ते दिसले नाहीत. मग रेडिओवर आलं, "अल्फा फॉर बेस. जीपीएस बैठ गया. नॉर्थ स्टार पकडके आ रहे हैं. ओव्हर."

कॅप्टन साहेबांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. ओपीपासून कॅम्प सरळ उत्तरेला होता. ध्रुव समोर ठेवून चाललं की माणूस कॅम्पात. अमावस्या जवळ होती, आभाळ काळंभोर. मी त्याच वेळी थिओडोलाइट लावून रोजचं ध्रुवाचं निरीक्षण करत होतो. दुर्बीण चौतीस अंशांवर चढवली होती, ध्रुव भिंगातल्या उभ्या-आडव्या तारांच्या फुलीवर घेतला होता. आणि मला एकदम वाटलं, रामकिसनला ध्रुव सापडला कसा?

नवशिक्या माणसासाठी सांगतो. ध्रुव काही फार तेजस्वी तारा नाही. तो सापडतो सप्तर्षींवरून. सप्तर्षींच्या चौकोनातले कडेचे दोन तारे जोडून रेघ पुढं नेली की ध्रुव. भरतीनंतर प्रत्येकाला एवढं शिकवतात. पण डिसेंबरात दिवेलागणीला सप्तर्षी क्षितिजाशी असतात, डोंगराआड. तेव्हा शर्मिष्ठेवरून शोधावं लागतं. ती उत्तरेला उंच असते, पाच ताऱ्यांचा इंग्रजी एम. रामकिसनला शर्मिष्ठा ठाऊक नव्हती.

मी ऑपरेटरला म्हणालो, "पूछ, स्टार कितना ऊपर है."

त्यानं विचारलं. उत्तर लगेच आलं.

"दो मुठ्ठी. ओव्हर."

दोन मुठींवर तिथंही एक तारा असतो. कोचाब त्याचं नाव, आमच्या कोष्टकात तो असतो. तेज जवळजवळ ध्रुवाएवढंच, फक्त किंचित तांबूस. तो ध्रुवाभोवती फिरतो, आणि डिसेंबरच्या संध्याकाळी ध्रुवाच्या खाली, डावीकडं आलेला असतो. आपल्या गावात त्या दिवसांत तो क्षितिजाशी बुडालेला असतो, म्हणून घोळ होत नाही. उत्तरेकडं दोन मुठींवर एकटा ध्रुव. मराठवाड्यातला माणूस लडाखात गेला आणि आपल्या गावच्या मापानं ध्रुव शोधायला लागला की त्याला कोचाब सापडतो. बिहारचा किंवा पंजाबचा पोरगा ही चूक करणार नाही, कारण त्याच्याकडं ध्रुव आधीच वर असतो. त्या वेळी कोचाब खऱ्या उत्तरेच्या बारा-तेरा अंश डावीकडं होता. म्हणजे किलोमीटरमागे दोनशे मीटर डावीकडं. अंधार पडल्यापासून ते तासभर त्याच रोखानं चालत होते. डावीकडं नदी होती.

मी कॅप्टन साहेबांकडं हात केला. "साहब, मैं बात करूँ? मराठी में."

ते काही विचारत बसले नाहीत. हँडसेट माझ्या हातात दिला. तरुण माणूस होता, पण शहाणा.

"रामकिसन, जोशी बोलतोय. हाय तिथं थांब. समद्यांना थांबव."

"थांबलो दादा."

"तू बघतोस तो ध्रुव नाय."

मग तो म्हणाला, "ध्रुवच हाय. दोन मुठी. मी रोज बघतो त्याला, सातला."

"चितेगावात दोन. हितं साडेतीन. आपण उत्तरेला आलो, तसा त्यो वर चढला."

"पक्कं?"

"आत्ता माझ्या दुर्बिणीत हाय त्यो. तू बघतोस त्याच्यावरनं उजवीकडं वर चढ, दीड मूठ. तेवढ्याच तेजाचा दुसरा. आसपास कुणी नाय त्याच्या. दिसला?"

वेळ लागला. तो मुठीनं मोजत असणार. त्या वाऱ्यात हातमोजा घातलेला हात ताठ धरून, एक डोळा मिटून. मला तो दिसत होता म्हटलं तरी चालेल.

"दिसला. पांढरा हाय."

"त्योच. त्याच्याकडं तोंड करून चाला. तुमी नदीच्या अंगाला सरकलाय. लई सरकलाय."

"दादा, सुखदेव पुढं हाय. मी थांबा म्हणलो ते त्याला ऐकू गेलं नाय. त्यो त्याच अंगाला चाललाय."

मी कॅप्टन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, स्ट्रेचर पहले. मी तसंच सांगितलं. "स्ट्रेचर थांबवू नको. आदी मुरुगन."

"व्हय. त्यांना तारा दाखवलाय. सेट त्यांच्याजवळ देतो, ते निघतील. मी सुखदेवला घेऊन येतो मागनं."

"रामकिसन, पावलं बघून."

"रॉजर, दादा. आउट."

एवढंच बोलणं झालं.

स्ट्रेचर तासाभरानं टेकाडाच्या कडेनं आलं. आम्ही दोर घेऊन पुढं गेलो होतो. चौघांचेही चेहरे बर्फानं मढलेले, आणि पुढचा पोरगा अजूनही मान वर करून ध्रुवाकडं बघत चालत होता. त्याला दंडाला धरून सांगावं लागलं की आलास, आता खाली बघ. मुरुगनला ऑक्सिजन लावला. तो जगला. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर हेलिकॉप्टरनं त्याला खाली नेलं. आज त्याचं गावाकडं किराणा दुकान आहे आणि दर पोंगलला त्याचा फोन येतो.

सुखदेव त्यानंतर आला. एकटा आला. त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत भिजून गोठला होता. त्या दोघांना शोधायला आमची पार्टी निघालीच होती, ती सुखदेवच्याच पावलांवरून मागं गेली. सुखदेवचं सांगणं असं की तो बर्फावर होता आणि पाय आत गेला. रामकिसननं पालथं पडून, रायफलचा पट्टा फेकून त्याला ओढलं आणि काठाकडं ढकललं. सुखदेवनं काठ धरला, तेवढ्यात मागं आवाज झाला. वळून बघितलं तर कुणी नव्हतं. सकाळी उजेडात रामकिसनला बाहेर काढला. मी त्या पार्टीत होतो. त्याचा चेहरा झोपल्यासारखा होता असं सांगायची पद्धत आहे. तसा तो नव्हता. मी त्याच्या दाढीतला बर्फ पुसला आणि मग मला रडू आलं. कॅप्टन साहेब पाठ करून उभे राहिले.

चौकशी झाली. वारा, बसलेली बॅटरी, तारा, नदी, जे होतं ते मी सगळं सांगितलं. घरच्यांना साहेबांनी कळवलं की पाच जणांना वाटेला लावून, सहाव्याला वाचवताना तो गेला. हे खरंच होतं. चितेगावला त्याला घेऊन मीच आलो. पैठण रोडवर कंपन्या सुटल्या होत्या आणि पाळीवरची माणसं डब्यासकट रस्त्यावर उभी होती. त्याची बायको सुनीता तेव्हा बावीस-तेवीसची असेल. तिनं मला काही विचारलं नाही. ताऱ्याचं काही बोलण्याची ती वेळही नव्हती.

नंतर तिनं शिकून गावातल्याच शाळेत ऑफिसची नोकरी धरली. सासूला सोडलं नाही. मी रिटायर होऊन आल्यावर अधूनमधून जात राहिलो. तीही मला दादाच म्हणते.

मागच्या डिसेंबरात ती पहिल्यांदा हर्सूलला आली, धाकट्या दिरासोबत, मोटारसायकलवर. तिच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या गच्चीबद्दल सांगितलं होतं. मला काय, मी नेहमीसारखाच शिकवत गेलो. मुठी मोजून झाल्या. ध्रुव सापडला. तिला सगळ्यांच्या आधी सापडला, शोधावाच लागला नाही. मग तोंडातून सवयीनं ते वाक्य गेलं. इथं दोन मुठी, लडाखात साडेतीन.

बाकीचे चहाला खाली उतरले. ती उतरली नाही.

"दादा, तिकडं साडेतीन असतो?"

"व्हय."

"मग ह्ये कोणता बघत व्हते?"

मी काही सांगायच्या आत तीच बोलायला लागली. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. सगळं आटोपल्यावर गुरुजींनी जोडप्याला ध्रुव दाखवला. दाखवला म्हणजे मांडवाच्या कापडाकडं बोट केलं आणि म्हणाले, दिसला म्हणा. सगळी नवराबायको म्हणतात तशी ती म्हणाली, दिसला. रामकिसन म्हणाला, "नाय दिसला. नीट दाखवा." वऱ्हाड जेवायला खोळंबलेलं. त्यानं गुरुजींना हाताला धरून कार्यालयाच्या गच्चीवर नेलं. हिलाही शेल्याची गाठ सांभाळत मागून जिने चढावे लागले. खरा ध्रुव बघितला तेव्हाच तो खाली आला. गच्चीवर त्यानं मूठ वळून माप घेतलं होतं. दोन. वर जायच्या आदल्या दिवशी तिला सांगून गेला, रोज सातला तू हितनं बघ, मी तिकडनं बघतो. दोन मुठी, इसरू नको.

"मी बघते अजून," ती म्हणाली. "सातला सुट्टी नाय. पावसाळ्यात बी जाऊन उभी राहते, दिसू नाहीतर नाय दिसू. म्हणून इचारते. ह्ये कोणता बघत व्हते?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसानं मांडवात गुरुजींना खोटं बोलू दिलं नाही, त्याच्या बायकोपुढं मला ते जमेना. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. कोचाब, नदी, रेडिओवरचं बोलणं, शब्द न् शब्द. हेही सांगितलं की शेवटी खरा ध्रुव त्याला सापडला होता. तो त्यानं त्या चौघांना दाखवला, त्यांना त्याच्या रोखानं लावलं, आणि स्वतः दुसरीकडं गेला.

ती कठड्याला धरून उभी होती. रडली नाही. रडली असती तर मला बरं पडलं असतं. दिरानं खालून हॉर्न वाजवला तेव्हा म्हणाली, "म्हंजे मी येगळा बघत व्हते आन् ते येगळा."

"व्हय, ताई."

"तो हितनं दिसतो का? ह्यांचा?"

"हिवाळ्यात संध्याकाळी नाय दिसत. उन्हाळ्यात दिसतो, चांगला वर. मी येऊन दाखवीन."

तिनं मान हलवली आणि जिना उतरली. पुढचे चार-पाच महिने मला त्या गच्चीवर चैन पडलं नाही. तिच्याजवळ एवढीच एक गोष्ट होती आणि ती मी हलवून ठेवली, असं सारखं वाटायचं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तिनं विचारलं, तुम्ही सांगितलं. आता शब्द दिलाय तेवढा पाळा."

मे महिन्यात गेलो. ऊन इतकं की संध्याकाळी आठलाही गच्चीची फरशी पायाला भाजत होती. सुनीतानं पाणी मारून सतरंजी टाकली होती. चितेगावाहून उत्तरेला बघितलं की आपलं शहर येतं, त्यामुळं तिकडं क्षितिजापासून वर सगळा पिवळट उजेड. वीस वर्षांपूर्वी तो एवढा नव्हता. ध्रुव त्या उजेडात कसाबसा टिकून होता. माहीत असणाऱ्यालाच दिसला असता. आणि त्याच्यावर, मोकळ्या काळ्या आभाळात, कोचाब.

मी बोटानं दाखवला. तिनं माझ्या बोटाच्या रेषेत मान नेली.

"हा?"

"हा."

"तांबूस हाय."

"व्हय."

ती बराच वेळ बघत राहिली. एकदा खाली ध्रुवाकडं बघितलं, परत वर बघितलं. मी काही शिकवत बसलो नाही. खाली गल्लीत कुणाची तरी पाळी सुटली होती, गाड्या येत होत्या.

"नाव काय म्हणलात ह्याचं?"

"कोचाब."

तिनं ते दोनदा म्हणून बघितलं. तिच्या तोंडात बसेना.

"आमच्या घरात ह्यालाच ध्रुव म्हणू," ती म्हणाली.

ताऱ्याचं नाव चुकलं की मी लहानथोर बघत नाही, तिथल्या तिथं टोकतो. इंजिनिअर साहेबांना विचारा. मी काही बोललो नाही.

ती जिन्यापाशी गेली आणि खाली हाक मारली, "आत्या, वर या. दादा आलेत, ध्रुव दाखवतेत."

रामकिसनची आई भिंतीला धरत एकेक पायरी चढून आली. पदर सावरून माझ्याजवळ उभी राहिली, आणि कपाळावर हात आडवा धरला, उन्हात बघतात तसा.

"कुठं हाय रं बाबा?"

मी हात वर केला आणि तिला रामकिसनचा तारा दाखवला.